गोळी तीनशेची, लोह शंभराचे

इतवारीच्या सराफ्यात गोफ घ्यायला गेलेला माणूस नुसते वजन ऐकून पैसे काढत नाही. दहा ग्रॅमचा आहे, ठीक. पण किती कॅरेटचा? बावीस कॅरेटचा असेल तर त्यात सोने ९.१६ ग्रॅम. हॉलमार्कमधला ९१६ हा आकडा तेच सांगतो. अठरा कॅरेटचा असेल तर सोने साडेसात ग्रॅम, बाकी तांबे, चांदी, जस्त. हे गणित कुणाला शिकवावे लागत नाही. शाळा चौथीत सुटलेल्या आजीबाईंनाही ते तोंडपाठ असते. पण हेच ग्राहक तिथून जवळच गांधीबाग-गंजीपेठेच्या औषध बाजारात रक्तवाढीची गोळी घ्यायला जातात, तेव्हा गोळीचे कॅरेट कुणीच विचारत नाही. सगळे फक्त वजन वाचतात.

याचा परिणाम आमच्या ओपीडीत दिसतो. "साहेब, मागच्या वेळची गोळी तीनशेची होती, यावेळी शंभराचीच लिहिली. एवढ्यानं रक्त वाढते का?" असे विचारणारी बाई आठवड्याला एकदा तरी भेटते. काही जणी विचारत नाहीत, घरी जाऊन शंभराच्या तीन गोळ्या घेतात, म्हणजे हिशेब जुळला. दोन दिवसांत पोट बिघडते, मळमळ सुरू होते आणि सगळ्याच गोळ्या कपाटात जातात. प्रत्यक्षात तिची तीनशेची गोळी आणि शंभराची गोळी लोहाच्या बाबतीत बरोबरीच्या होत्या. पहिल्या पाकिटावर फेरस फ्युमरेट ३०० मिलिग्रॅम असे लिहिले होते, म्हणजे अख्ख्या संयुगाचे वजन. दुसऱ्यावर फेरस अॅस्कॉर्बेट आणि पुढे 'एलिमेंटल आयर्न १०० मिलिग्रॅम' असे होते, म्हणजे त्यातल्या निव्वळ लोहाचे वजन. दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे. त्यांची सांगड घालायची असेल तर आठवी-नववीच्या विज्ञानात केलेले एक काम पुन्हा करावे लागते: रेणुसूत्रातले अणू मोजणे.

हे काम शिकायला इतवारीसारखी जागा नाही. किराणा ओळीतल्या जुन्या दुकानांत हिराकस, मोरचूद, तुरटी, नवसागर, टाकणखार, पापडखार असा माल मिळतो. नावे आजीच्या काळातली, पण प्रत्येकाला रसायनशास्त्राचे रेणुसूत्र आहे. आता या स्तंभात सूत्रे नागरी लिपीत आणि एका ओळीत लिहावी लागणार. पुस्तकात जो आकडा अक्षराच्या पायाशी बारीक छापतात तो येथे अक्षरानंतर येईल. पाणी म्हणजे एच२ओ. आकडा ज्या अक्षराच्या मागून येतो त्याचा असतो, म्हणून हायड्रोजनचे दोन अणू. ज्याच्या मागे आकडाच नाही त्याचा एक, म्हणून ऑक्सिजनचा एक.

हिराकसाचे सूत्र आहे एफई-एस-ओ४ · ७एच२ओ. एफई ही लोहाची संज्ञा, 'फेरम' या लॅटिन नावावरून आलेली. एस म्हणजे गंधक. ठिपक्यापर्यंत लोहाचा एक, गंधकाचा एक, ऑक्सिजनचे चार. ठिपक्यानंतरचा ७ मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो पुढच्या संपूर्ण पाण्याला लागतो: पाण्याचे सात रेणू, म्हणजे हायड्रोजन चौदा आणि ऑक्सिजन आणखी सात. एकूण ऑक्सिजन अकरा. सगळे मिळून सत्तावीस अणू, आणि त्यात लोहाचा फक्त एक! हिराकसाचा हिरवा खडा हातात घेतला तर कोरडा लागतो, पण त्याच्या वजनात पाणी कोंडलेले आहे. मोरचुदाचेही तसेच, फक्त तिथे लोहाऐवजी तांबे आणि पाण्याचे पाच रेणू. मोरचूद तव्यावर तापवला की पाणी उडते आणि निळा रंग जाऊन पांढरी पूड राहते. (घरच्या तव्यावर करू नका, तो विषारी आहे.)

तुरटीत कंस येतो. सूत्र के-एएल(एस-ओ४)२ · १२एच२ओ. कंसाबाहेरचा २ कंसातल्या सगळ्यांना लागू, म्हणून गंधक दोन, ऑक्सिजन आठ. पाण्यातले बारा मिळवून ऑक्सिजन वीस, हायड्रोजन चोवीस, पोटॅशियम एक, अॅल्युमिनियम एक. मुलांची चूक हमखास कंसापाशी होते. आणखी एक चूक अक्षरांच्या आकाराची. रोमन लिपीत कोबाल्टच्या संज्ञेतला ओ लहान लिहितात, कार्बन मोनॉक्साइडमधला ओ मोठा. पहिला ब जीवनसत्त्वाच्या बी-१२ मध्ये असतो, अख्ख्या मोठ्या रेणूत एकच अणू, आणि त्याच्यावाचून रक्त नीट बनत नाही. दुसरा वायू हिवाळ्यात बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचा जीव घेतो. ही अक्षरांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बर्झेलियसने घालून दिली. तो आकडे अक्षराच्या वर लिहीत असे, पुढे ते खाली आले.

अणू मोजले, पण औषध वजनावर मिळते. त्यामुळे दुसरी पायरी वजनाची. हायड्रोजनचा अणू १ धरला तर कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडियम २३, गंधक ३२, कॅल्शियम ४०, लोह ५६. हिराकसाचा हिशेब करू: लोह ५६, गंधक ३२, अकरा ऑक्सिजन म्हणजे १७६, चौदा हायड्रोजन म्हणजे १४. बेरीज २७८. त्यात लोह ५६, म्हणजे शंभरात वीस. सराफ्याच्या भाषेत पाच कॅरेटपेक्षाही थोडे कमी. फेरस फ्युमरेटमध्ये कार्बन चार, हायड्रोजन दोन, ऑक्सिजन चार आणि लोह एक. बेरीज १७०, लोह ५६, म्हणजे शंभरात तेहतीस. आठ कॅरेट. तीनशे मिलिग्रॅमला तेहतीस टक्के लावा, नव्याण्णव येतात. तीनशेची गोळी शंभराच्या बरोबरीची निघाली ती अशी. फेरस ग्लुकोनेटचा रेणू आणखी भारी, त्यात लोह शंभराला बारा. तिन्ही गोळ्यांवर ३०० लिहिलेले असले तरी तिन्ही गोळ्या एक नव्हेत.

एक खुलासा करून टाकतो. हिराकस आणि लोहाची गोळी यांचे मूळ एकच म्हणून कुणी दुकानातला हिराकस पाण्यात घालून पिऊ नये. तो शाई, रंग, शेती यांसाठी बनवलेला माल असतो, औषधाच्या शुद्धतेचा नसतो आणि मोजलेलाही नसतो.

आता हा हिशेब कशासाठी, ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. गोळ्या फुकट मिळतात, अंगणवाडीत मिळतात, शाळेत मिळतात, आरोग्य केंद्रात मिळतात. मग आकडा वाढतो कसा? कारणे पुष्कळ आहेत, पण एक कारण मी रोज पाहतो: गोळी पुरेसे दिवस घेतली जात नाही. वीस-पंचवीस दिवस घेतली, थोडे बरे वाटले, सोडली. किती दिवस घ्यायची हे डॉक्टरच्या मनावर नसते. ते अणूंच्या मोजदादीतून निघते.

रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रेणू प्रचंड मोठा आहे, वजन साधारण ६४,५०० (हायड्रोजन १ धरून). त्यात हजारो अणू, आणि त्यात लोहाचे किती? चार. फक्त चार. पण सगळा कारभार त्या चौघांवर चालतो. फुफ्फुसात प्रत्येक जण ऑक्सिजनचा एकेक रेणू धरतो आणि शरीरभर पोचवतो. चार गुणिले ५६ म्हणजे २२४. चौसष्ट हजार पाचशेत २२४, म्हणजे एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह. आता पन्नास किलो वजनाची एक बाई घ्या. तिच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त. हिमोग्लोबिन ८ आहे, १२ वर न्यायचे आहे. हा आकडा १०० मिलिलिटर रक्तातल्या ग्रॅमचा असतो. साडेतीन लिटर म्हणजे असे ३५ भाग, प्रत्येकात ४ ग्रॅम कमी, म्हणून एकूण १४० ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने बनवायचे. गुणिले ३.४, म्हणजे ४७६ मिलिग्रॅम लोह हवे. शिवाय यकृतात आणि हाडांच्या मगजात जो साठा रिकामा झालेला असतो, त्यासाठी आणखी अर्धा ग्रॅम धरावा लागतो. जवळजवळ एक ग्रॅम. सलाइनमधून लोह देताना डॉक्टर वजन आणि हिमोग्लोबिनची तूट यांना २.४ ने गुणून त्यात ५०० मिळवतात, ते सूत्र याच हिशेबाचे संक्षिप्त रूप आहे.

सरकारी कार्यक्रमातल्या मोठ्यांच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. हे निव्वळ लोह, कॅरेटचा हिशेब आधीच करून दिलेला. पण पोटात गेलेले सगळे लोह रक्तात जात नाही, ढोबळमानाने दहावा भाग जातो. शरीर फार भुकेले असेल तर जास्त, गोळीवर लगेच चहा प्यायला तर त्याहून कमी. एका गोळीमागे ६ मिलिग्रॅम धरा. ४७६ भागिले ६ केले की सुमारे ऐंशी दिवस येतात, आणि हे नुसते रक्तापुरते, साठा अजून रिकामाच. दर महिन्याच्या पाळीत लोह जाते ते वेगळे. म्हणून हिमोग्लोबिन ८ असेल तर डॉक्टर बऱ्याचदा रोज दोन गोळ्या देतात, आणि ते १२ वर आल्यावरही तीन महिने गोळी सुरू ठेवायला सांगतात. गर्भवतीला १८० दिवस गोळी देतात तीही उगाच नव्हे. वीस दिवसांत गोळी सोडणाऱ्या बाईच्या रक्तात फार तर १२० मिलिग्रॅम नवे लोह पोचलेले असते, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये जेमतेम एकची वाढ. आणि ती म्हणते, गोळीने काही फरक पडत नाही.

विदर्भात मात्र एक सावधगिरी हवी. आपल्याकडे सिकलसेल आहे, थॅलेसेमियाही आहे. त्यांत हिमोग्लोबिन कमी असते, पण लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्यांच्या शरीरात तर ते जास्तच साचते. रक्त कमी दिसले की दुकानातून लोहाचे टॉनिक आणायचे, ही सवय आपल्या भागात घातक ठरू शकते. तपासणी आधी, गोळी मग.

लोहाच्या मोजदादीचा सर्वांत निकडीचा प्रसंग रात्री अपघात विभागात येतो. घरात बाळंतीण असते, तिच्या उशाशी लाल गोळ्यांची पाकिटे असतात, आणि दीड-दोन वर्षांचे मोठे भावंड असते. गोळी लाल, गुळगुळीत, वरून गोड. मूल चॉकलेट समजून खाते. अशा मुलाला आणले की आम्हाला पहिला प्रश्न असतो: किती गोळ्या, आणि कोणत्या? कारण विषबाधेचा अंदाज निव्वळ लोहावर बांधायचा असतो. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत लोह गेले असेल तर सहसा फारसे काही होत नाही. २० ते ६० मध्ये त्रास होऊ शकतो. ६० च्या वर गेले की जिवाला धोका. दहा किलोच्या मुलाने ६० मिलिग्रॅम लोहाच्या पंधरा गोळ्या खाल्ल्या, तर ९०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ९०. हे मूल गंभीर. पण त्याच मुलाने फेरस ग्लुकोनेटच्या, पाकिटावर ३०० लिहिलेल्या तीन गोळ्या खाल्ल्या, तर ९०० चा आकडा तोच असूनही लोह १०८ मिलिग्रॅमच, किलोमागे अकरा. आकडा सारखा, पण एक मूल अतिदक्षता विभागात आणि दुसरे निरीक्षणाखाली. म्हणून अशा वेळी रिकामे पाकीट, बाटली, सांडलेल्या गोळ्या, जे सापडेल ते सोबत आणा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: लोहाच्या विषबाधेत सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर काही तास मूल बरे झाल्यासारखे दिसते, खेळूही लागते. त्या काळात आतमध्ये यकृताची हानी सुरू असू शकते. "आता बरं आहे, घेऊन जातो" असे म्हणून मूल घरी नेऊ नका.

कॅल्शियमचा हिशेब सोपा आहे. कॅल्शियम कार्बोनेटची बेरीज बरोबर १०० येते, त्यात कॅल्शियम ४०. म्हणून १२५० मिलिग्रॅमच्या जाड गोळीतून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. सायट्रेटच्या गोळीत शंभराला एकवीस. आकड्यावरून दोन गोळ्यांची तुलना करू नका, एवढेच.

मिठाकडे थोडे थांबावे लागेल, कारण उन्हाळ्याआधी इतवारीत पापडखाराची खरेदी जोरात असते. मीठ म्हणजे सोडियम एक, क्लोरीन एक. २३ अधिक ३५.५, बेरीज ५८.५. म्हणजे मिठाच्या वजनात सोडियम चाळीस टक्क्यांच्या किंचित खाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, त्याचे मीठ होते ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर मात्र मीठ नव्हे, सोडियम छापतात, आणि रक्तदाबाचा रुग्ण ८०० मिलिग्रॅमचा आकडा वाचून म्हणतो, एक ग्रॅमपेक्षा कमीच आहे की! त्याला अडीचने गुणा: दोन ग्रॅम मीठ. खाण्याच्या सोड्यातही सोडियम आहे, शंभराला सत्तावीस. अॅसिडिटीसाठी रोज चमचाभर सोडा पाण्यातून घेणारे कितीतरी जण आमच्याकडे येतात. पाच ग्रॅम सोड्यातून १.३७ ग्रॅम सोडियम जाते, म्हणजे साडेतीन ग्रॅम मिठाइतके. जिभेला ते खारट लागत नाही, म्हणून हिशेबात धरले जात नाही. जेवणातले मीठ तोडूनही रक्तदाब उतरत नाही, तेव्हा मी सोड्याची चौकशी करतो.

हेच सोडियम नागपूरच्या मे महिन्यात जीव वाचवते. ओआरएसच्या पुडीत काय असते पाहा: एका लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. वजन बघून वाटते की ही साखरेचीच पुडी आहे. पण आतड्याला वजन कळत नाही, त्याला संख्या कळते. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारे दार आहे, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. म्हणून दोघांची संख्या जुळवलेली असते. इथे रसायनशास्त्राचा डझन वापरतात, त्याला मोल म्हणतात. डझनात बारा केळी, तसे मोलमध्ये ठरावीक, अतिप्रचंड संख्येने रेणू. त्याचा हजारावा भाग मिलिमोल. ग्लुकोजचे १३.५ ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल. मिठातून सोडियम मिळते सुमारे ४५. मग उरलेले तीस कुठून? सायट्रेटमधून. त्याचे मिलिमोल आहेत दहाच, पण सूत्रात सोडियमच्या मागे ३ आहे. 'ट्राय' म्हणजे तेच. दहा त्रिक तीस. ४५ आणि ३० मिळून ७५, ग्लुकोजच्या बरोबर. तो बारीक ३ वाचायचा राहिला तर जोडी जुळत नाही.

म्हणून अर्धी पुडी एका ग्लासात, उरलेली उद्या, असे करू नये. पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या पाण्यातच विरघळवावी. चवीसाठी वरून साखर घालू नये. आणि दुकानातल्या गोड, रंगीत पेयांना ओआरएस समजू नये. त्यांत साखर भरपूर आणि सोडियम कमी असेल तर जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

त्याच ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या रुग्णालयांनी जे पाहिले ते अजून ताजे आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुले, बहुतेक पाच वर्षांखालची, साध्या सर्दी-खोकल्यानंतर लघवी बंद झाली म्हणून नागपूरला आणली जात होती. मूत्रपिंडे निकामी. वीसहून अधिक मुले दगावली. सगळ्यांनी घेतलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाचा नमुना तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासला, त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात जवळजवळ अडीच ग्रॅम विष.

पातळ औषधाला दाटपणा, गोडवा आणण्यासाठी आणि औषध विरघळवण्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. ग्लिसरीन म्हणजे सी३-एच८-ओ३. प्रॉपिलीन ग्लायकॉल सी३-एच८-ओ२, ऑक्सिजनचा एकच अणू कमी. दोन्ही औषधात चालतात. डायएथिलीन ग्लायकॉल म्हणजे सी४-एच१०-ओ३. ग्लिसरीनपेक्षा कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू जास्त. तेही रंगहीन, दाट, चवीला गोड, आणि स्वस्त. ते ब्रेक ऑइलमध्ये, रंग-राळेच्या कारखान्यात लागते. एथिलीन ग्लायकॉलचे, म्हणजे सी२-एच६-ओ२चे, दोन रेणू जोडले आणि त्यातून पाण्याचा एक रेणू काढून घेतला की ते बनते. मोजून बघा: चार कार्बन, बारा हायड्रोजन, चार ऑक्सिजन, त्यातून दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन वजा. बरोबर सी४-एच१०-ओ३. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे चार हायड्रोजन काढते आणि दोन ऑक्सिजन घालते. तयार होते डायग्लायकोलिक आम्ल, सी४-एच६-ओ५. ते मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशी मारते. ग्लिसरीन मात्र शरीर सहज पचवते, आपल्या चरबीतच ते असते. तीन-चार अणूंच्या फरकाने एक अन्न आणि दुसरे विष.

डोळ्याला, जिभेला, काट्याला हा फरक कळत नाही. प्रयोगशाळेतल्या वायुवर्णलेखन चाचणीला कळतो. ती चाचणी पिंपाचे झाकण उघडल्यावर आणि औषध बाटलीत भरण्याआधी व्हायला हवी. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधात हेच वापरले होते, शंभरहून अधिक माणसे गेली आणि पुढच्या वर्षी तिथला औषध कायदा बदलला. आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या सुरुवातीला मेंदू आणि डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच निघाले. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्यालाही आता चाळीस वर्षे होत आली. २०२२ मध्ये गांबियात भारतातून गेलेल्या पातळ औषधांनंतर सत्तरच्या आसपास मुले दगावली, तेव्हा निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी १ जून २०२३ पासून सक्तीची झाली. परदेशी जाणारी बाटली तपासायची आणि परासियात जाणारी नाही, हे मला आजही समजलेले नाही.

पालकांना रेणू मोजता येणार नाहीत, ते त्यांचे कामही नव्हे. त्यांच्या हातात आहे ते एवढेच: केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या सूचनेनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचे औषध देऊ नये, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना सर्वसाधारणपणे त्याची गरज नसते. बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. मुलाला कोमट पाणी, अंगावरचे दूध, विश्रांती द्या. कुठलेही पातळ औषध घेतल्यानंतर मुलाची लघवी सहा-आठ तास झाली नाही, उलट्या होऊ लागल्या किंवा ते सुस्तावले, तर औषधाची बाटली, तळाशी चमचाभर उरले असले तरी, सोबत घेऊन तडक रुग्णालयात या.